सहा माणसांचं टेबल

पाळकसाहेबांनी रविवारच्या उपदेशात एवढंच म्हटलं होतं की घरातल्यांनी निदान एक वेळ तरी एका टेबलाभोवती बसून जेवावं. त्यांनी ते टेबल स्वतः बनवायला सांगितलं नव्हतं. तो भाग माझ्या डोक्यातला.

आमच्या घरी तोवर जेवण म्हणजे ज्याला जिथे जागा मिळेल तिथे. लेक टीव्हीसमोर, बायको ओट्याला टेकून, आणि मी पलंगाच्या कडेवर ताट मांडीवर घेऊन. (त्यामुळे माझ्या पायजम्यांवरून कुठल्या दिवशी काय शिजलं होतं ते कळतं.) घरी येता येता मी जाहीर केलं, "टेबल मी करणार."

"विकत मिळतं," बायको म्हणाली.

"प्रभू स्वतः सुतारकाम करत होते."

"ते शिकले होते," ती म्हणाली.

पण त्या टेबलाची गरज तिलाही होती, कारण तिने वहिनींना नुकतंच पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी जेवायला बोलावलं होतं. आणि वहिनी येणार म्हणजे दादा येणार. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख. नाताळच्या तालमीत त्याने सगळ्यांसमोर मला सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून मी गायकवृंद सोडला, मागच्या बाकावर बसायला लागलो, आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. तोही बोलला नाही. दोन भाऊ एकाच देवळात, एकाच देवाला, एकमेकांकडे पाठ करून. आई असती तर दोघांचे कान एकदमच धरले असते.

तर आमचं बोलणं सुरू व्हायचं ते या टेबलावर, असं मी मनाशी ठरवलं.

कार्यालयात मी आवक-जावक विभागात आहे. तिथे माझ्या हातून कागदाला टाचणीसुद्धा तिरकी लागते. पण घरी मी टेप घेऊन हॉल मोजला, सहा माणसं कशी बसतील ते खडूने फरशीवर आखलं, फळ्या आणल्या आणि काम झोपण्याच्या खोलीत सुरू केलं, कारण हॉलमध्ये भुसा सांडलेला बायकोला चालणार नव्हता. रोज संध्याकाळी मी करवत चालवायचो आणि ती पलंगावरचा भुसा झटकायची. पायांना मी स्क्रू मारले, वर भरपूर गोंद लावला, आणि खालून एक आडवी पट्टीही ठोकली. टेबल असं भक्कम झालं की मी त्यावर उभा राहून लेकीला दाखवलं.

ती आठवीत आहे. तिने टेबलाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "पप्पा, हे बाहेर कसं न्यायचं?"

"तिरकं करून," मी म्हणालो. (दार सोडून मी घरातलं सगळं मोजलं होतं.)

पाहुणे येण्याच्या दिवशी उपासनेहून परतल्यावर मी टेबल तिरकं केलं. ते दाराशी अडलं. उभं केलं, तर चौकटीला वर लागलं. तेवढ्यात बेल वाजली. वहिनी हसत आत आल्या. दादा मागे, हातात फळांची पिशवी, चेहरा अंत्यविधीला आल्यासारखा. बायकोने त्याला सरळ सांगून टाकलं, "जरा यांना हात लावता का? टेबल अडकलंय."

दादा खोलीत आला. माझ्याकडे न बघता त्याने टेबल निरखलं आणि म्हणाला, "आडवं कर. पाय आधी बाहेर काढू."

इतक्या महिन्यांनी भाऊ माझ्याशी बोलला आणि पहिलं वाक्य हुकूमच होता. मला बरं वाटलं.

आम्ही आतून ढकलत होतो, बायका बाहेरून ओढत होत्या. दोन पाय बाहेर गेले, खोलीबाहेरच्या बोळातल्या भिंतीला भिडले, आणि टेबल चौकटीत असं घट्ट बसलं की ना पुढे ना मागे. खिडकीला गज. मी आणि दादा आत, जेवण बाहेर.

"पाय काढ," दादा म्हणाला.

"निघत नाहीत. गोंद लावलाय."

"स्क्रू मारल्यावर गोंद कशाला?"

"निघू नयेत म्हणून."

दादा पलंगावर बसला. बाहेरून वहिनी म्हणाल्या, "कोंबडी गार होतेय. आधी जेवून घेऊ या." टेबलाच्या वरच्या फटीतून दोन ताटं आत आली. मग बायकोचा आवाज आला, "दादा, प्रार्थना तुम्ही करा."

दादा उठून उभा राहिला आणि डोळे मिटले. "हे प्रभू, या अन्नासाठी आणि या टेबलासाठी…" इथे तो थांबला. मी एक डोळा उघडून पाहिलं. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. पण तो हसत होता, आणि ते थांबवायला ओठ चावत होता. मग मलाही हसू फुटलं. बाहेर बायकांना काय झालं ते कळेना. प्रार्थना कशीबशी लेकीने पुरी केली आणि वर म्हणाली, "सगळे टेबलाभोवती आहेत. अर्धे इकडे, अर्धे तिकडे."

आम्ही पलंगाच्या कडेवर शेजारीशेजारी जेवलो, लहानपणी जेवायचो तसे. अर्धी कोंबडी संपल्यावर मी म्हणालो, "तू सगळ्यांसमोर बोललास, ते मला लागलं."

"तू सुरात नव्हतास."

"ते खरंय. पण बाजूला घेऊन सांगता आलं असतं."

दादाने भात कालवला. "हो," तो म्हणाला. "चुकलं माझं. तुझी जागा रिकामी दिसते रे. येऊन उभा राहा. गाऊ नकोस, पण उभा राहा." आणि त्याच्या ताटातला मांडीचा तुकडा त्याने माझ्या ताटात टाकला. आईच्या पश्चात असं कोणी केलं नव्हतं.

हात धुवायला जायचं तर वाट नव्हतीच. म्हणून दादाने पँटला हात पुसले, माझी करवत उचलली आणि आतले दोन पाय गुडघ्याइतके ठेवून कापले. टेबल एकदम सुटलं आणि बोळातून थेट हॉलमध्ये आलं. तिथे ते घसरगुंडीसारखं उभं राहिलं, तेव्हा उरलेले दोन पायही कापावे लागले.

शेवटी चहा त्या बुटक्या टेबलावर झाला. सगळे जमिनीवर मांडी घालून, गुडघ्याला गुडघा लावून. दादाने वरच्या पट्टीत एक गीत धरलं, लेकीने साथ दिली, मी ओठ हलवले. इतकी सुखाची दुपार आमच्या घरात फार दिवसांनी आली होती.

वहिनी मनाने फार चांगल्या. निघताना त्यांनी टेबलावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, आमच्याकडेही एखादं करून द्याल का?"

मी तोंड उघडायच्या आत दादा, माझी बायको आणि माझी लेक एकदमच म्हणाले, "नको."

आमचं कुटुंब 'आमेन'सुद्धा इतक्या एका सुरात कधी म्हणालं नव्हतं.