अण्णांची कात्री

अण्णांना माणूस भेटला की आधी त्याची मान दिसते. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर वीजबिलं तपासली, आई गेल्यापासून नाशिकला एकटेच राहतात, आणि सत्तराव्या वर्षी केस कापायला शिकले. खोटं नाही सांगत!

कारण मीच. डब्लिनहून फोनवर मी माझ्या पोराच्या केसांवरून रडगाणं लावलं होतं, "अण्णा, इथं अर्णवचे केस एकदा कापायचे तर तुमचं महिन्याचं दूध होईल तेवढे पैसे जातात." झालं! दुसऱ्या दिवसापासून अण्णा पंचवटीतल्या आमच्या नेहमीच्या सलूनमध्ये जाऊन बसले. दोन महिने नुसता झाडू मारला, तेव्हा कुठे कात्री हातात मिळाली. मग सोसायटीतली पोरं एकेक करून बिघडायला लागली. कुणी चुळबुळ केली की अण्णांचं ठरलेलं, "हलू नकोस, कान तुझाच आहे." पोरं त्यांना लांबून बघितलं तरी टोप्या घालायची.

यंदा डिसेंबरात आम्ही नाशिकला आलो, तर बाल्कनीत स्टूल तयारच. वर्तमानपत्राला भोक पाडून अण्णांनी ते अर्णवच्या गळ्यात घातलं. अर्ध्या तासानं पोरगं उठलं, तर डोक्यावर रामकुंडाच्या पायऱ्या! आणि दुसऱ्या दिवशी घरचं लग्न. 'फॉरेनहून आलेत, पण सलूनचे पैसे वाचवलेत' असं चार लोक म्हणतील, याचीच मला धास्ती.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. "निफाडला द्राक्षबाग बघून येतो" अशी थाप मारली आणि अर्णवला कॉलेज रोडच्या एसी सलूनमध्ये नेलं. वर बजावलं, "आजोबांना बोलायचं नाही हं."

"पण बाबा, आपल्या घरात खोटं बोलत नाहीत ना?" आठ वर्षांचं पोरगं. हा नियम मीच केलेला.

"याला खोटं नाही म्हणत रे," मी म्हणालो.

घरी आलो. अण्णांनी अर्णवच्या मानेकडे नुसतं पाहिलं. "कशी होती रे द्राक्षं?"

अर्णवनं माझ्याकडे बघितलं. "गोड होती, आजोबा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोरगं खेळायला गेल्यावर अण्णा कात्री पुसत म्हणाले, "त्याला कशाला खोटं बोलायला लावलंस? मला सांगायचंस. मीच नेलं असतं सलूनमध्ये." मग कात्री मिटून म्हणाले, "फोनवर दोन मिनिटांत 'बाय आजोबा' म्हणून पळतो तो. आज अर्धा तास माझ्यापाशी बसला. मला वाटलं, तुझ्याकडे आलो तर दर महिन्याला बसेल. तुमचा तेवढा खर्च वाचेल, म्हणजे माझंही कुणाला ओझं व्हायचं नाही."

चार वर्षं मी त्यांना दुधापासून घरभाड्यापर्यंत तिकडच्या किमती ऐकवत होतो, आणि त्यात आपण कुठे परवडतो, हे ते शोधत होते. "अण्णा, या ना आमच्याकडे," असं मी एकदाही म्हणालो नव्हतो.