दिसतात दहा, आहेत बारा

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जिना काढण्यात माझा हात धरणारा माणूस फिलिपिन्समधल्या अख्ख्या इलोइलो शहरात नाही. चौदा वर्षं मी संगणकावर नकाशे काढतोय. बँकेचे जिने काढले, शाळेचे काढले, चर्चच्या घंटाघराचा गोल जिनासुद्धा काढला. त्यामुळे पुरात गेलेलं आईचं घर खांबांवर उंच बांधायचं ठरलं, तेव्हा जिना मीच काढणार हे उघड होतं. फक्त आईला ते उघड नव्हतं.

"क्रिस्पुलो मिस्त्री करेल की," ती म्हणाली. "गावातले सगळे जिने त्यानंच केलेत. तू कशाला डोकं शिणवतोस, तोतो?"

तोतो म्हणजे बाळ्या. मी अडतीस वर्षांचा आहे, मला दोन मुलं आहेत आणि चष्म्याचा नंबर चार आहे!

आईची अट एकच होती. पायऱ्या चढताना आमच्याकडे मोजतात: सोनं, चांदी, मरण. मग पुन्हा सोनं, चांदी, मरण. शेवटची पायरी मरणावर आली, तर त्या घरात आई पाऊल टाकणार नाही. सात महिने ती माझ्या बहिणीच्या घरी एका खाटेवर दिवस काढत होती, पण अट सोडायला तयार नव्हती. बहिणीनं मला वेगळं बजावलं होतं. "रविवारी गृहप्रवेश आहे. रात्री आई तिच्या नव्या घरात झोपली नाही, तर मी खाटेसकट तिला तुझ्याकडे पाठवीन."

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी म्हटलं, आईला एकदा दाखवूच, तोतो काय चीज आहे ते. मी असा जिना तयार केला की तो मरणावर संपूच शकणार नाही. आमच्या कामात डायनॅमिक ब्लॉक नावाचा प्रकार असतो. एकदा चित्र बनवून ठेवायचं, मग त्याचा बाण धरून ओढला की पायऱ्या आपोआप वाढत जातात. त्या वाढण्याला अ‍ॅरे म्हणतात. मी खाली एक सुटी पायरी ठेवली आणि वर तीन-तीन पायऱ्यांचा जुडगा वाढत जाईल अशी सोय केली. चार, सात, दहा, तेरा. कितीही ओढा, शेवट सोन्यावरच!

पण अ‍ॅरे हा अत्यंत नतद्रष्ट प्राणी आहे. पहिल्यांदा बाण ओढला तर पायऱ्या वर न जाता आडव्या धावत थेट स्वयंपाकघरात शिरल्या. दुसऱ्यांदा पायऱ्या जागच्या जागी आणि कठडेच वाढले, एकामागून एक सात. चार संध्याकाळी मी त्याच्याशी भांडलो. शेवटी एकदाचा वठणीवर आला. पडद्यावर बोट ठेवून तीनदा मोजल्या. दहा पायऱ्या, दहावी सोन्याची. संगणकाकडून सामानाची यादी काढून घेतली आणि नकाशासकट क्रिस्पुलोला पाठवून दिली. ती यादी मी वाचली नाही. संगणकानं केलेली बेरीज काय वाचायची?

रविवारी सकाळी गावी पोचलो. फादर पवित्र पाण्याची बाटली घेऊन हजर, अंगणात अख्खं डुक्कर खरपूस भाजून तयार, पन्नास माणसं जमलेली. आणि आई जिन्याच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसलेली.

"बारा आहेत," ती म्हणाली. "मरण."

"आई, दहा आहेत. मी काढल्यात."

"मग तूच मोज."

मोजल्या. बारा होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मिस्त्री, नकाशात दहा असताना बारा कशा केल्या?"

क्रिस्पुलोनं खिशातून घडी घातलेली यादी काढली. "नकाशा कोण मोजत बसतंय, तोतो? इथे लिहिलंय, पायऱ्या बारा. मी बारा फळ्या कापल्या. पायऱ्या बुटक्या झाल्या, पण तुझ्या आईच्या गुडघ्यांना बऱ्याच की."

तोतो! मिस्त्रीसुद्धा!

मी तिथेच लॅपटॉप उघडला. चित्रात दहा दिसतात, यादीत बारा. पुन्हा केलं, पुन्हा बारा. शेवटी ऑफिसातल्या जोव्हेलिनला फोन लावला. ती माझ्या हाताखाली शिकली आहे, हे मुद्दाम सांगतो.

"जुडगा निवडताना खालची सुटी पायरीसुद्धा त्यात आली असेल," ती काहीतरी चघळत म्हणाली. "म्हणजे तुमचा जुडगा तीनचा नाही, चारचा झालाय. दर वेळी एक पायरी आधीच्या पायरीवर बरोबर जाऊन बसते. तुम्हाला एकच दिसते, संगणक दोन मोजतो. पहिल्याच आठवड्यात तुम्ही आम्हाला सांगितलं होतं की हे तपासा."

मी फोन ठेवला आणि आईला समजावायला बसलो. "म्हणजे बघ, खऱ्या दहाच आहेत. दोन पायऱ्या दुसऱ्या पायऱ्यांच्या खाली लपल्यात."

हे बोलायला नको होतं. लपलेल्या पायऱ्या आहेत म्हटल्यावर दोन मावश्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि फादरनी बाटलीचं झाकण उघडलं.

"लपलेल्या?" आई म्हणाली. "आणि अशा घरात मला झोपवतोस?"

आता मात्र हद्द झाली. मी लॅपटॉप काखेत मारला आणि दणदण करत बाराच्या बारा पायऱ्या चढून गेलो. "बघा, झालं का मला काही?" असं ओरडून वर दारात बसलो. सगळे डुकराकडे वळले होते. रिकाम्या घराच्या दारात मी एकटा, आणि खाली पन्नास माणसं कुरकुरीत कातडी मोडून खातायत.

तेवढ्यात क्रिस्पुलो तोंड पुसत उठला. खांबांखाली घालायला आणलेली एक जाड चौकोनी फरशी उरली होती. ती त्यानं जिन्याच्या पायथ्याशी ठेवली, खाली दोन ओंजळी वाळू सारली आणि पायानं दाबली. सगळं मिळून तीन मिनिटांचं काम.

"तेरा," तो म्हणाला, आणि पुन्हा खायला बसला.

आई उठली. सोनं, चांदी, मरण करत, माझ्या बहिणीचा हात धरून, एकेक पायरी वर आली. तेरावी सोन्याची. माझ्या शेजारून घरात गेली, भिंतीवरून हात फिरवला, खिडकी उघडली. सात महिन्यांनी तिचा चेहरा मोकळा झाला. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले.

मग तिची नजर माझ्याकडे गेली. "अरे, तू बारावर चढलास ना?"

"हो, मग?"

"मरणावर चढून माझ्या घरात बसलायस? खाली उतर. आणि नीट मोजत वर ये. मोठ्यानं."

"आई, मी चौदा वर्षं..."

"तोतो."

उतरलो. पन्नास माणसं, फादर, क्रिस्पुलो, सगळे हातातला घास थांबवून बघत होते. फरशीवर पाय ठेवला आणि सोन्यापासून सुरुवात केली. सातव्या पायरीवर जरा गडबडलो. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण मी पुन्हा खाली उतरलो आणि पहिल्यापासून मोजलं.