कोटवाल्याचा नारळ

आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. जगातला सर्वांत चांगला फुटबॉल कोच निवडणाऱ्या पंचमंडळात मी होतो, आणि ऑफसाइड म्हणजे काय ते मला आजही कळत नाही. ही कबुली हलकी आहे. जड पुढे येईल.

पंचमंडळ भरायचं लिंबायतला, आम्हा मागवाल्यांच्या वस्तीत, जगनच्या चहाच्या गाडीवर, दिवाळीनंतरच्या पहिल्या सुट्टीला. अध्यक्ष नामदेव आप्पा. आप्पा आमच्या लूमच्या शेडमधले जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. शेडच्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही. कारागिरानं नुसता हात वर करायचा, की आप्पा पाना घेऊन हजर! बायको-मुलं अमळनेरकडे गावी. इथं सोबतीला एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणि फुटबॉल.

पहिल्या वर्षी त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मंडळी, औंदा सगळ्यात भारी कोच कोणता?"

जगन म्हणाला, "भुसावळ पॅसेंजरचा, पुढून तिसरा. पंखा चालतो त्यात."

आप्पा आठवडाभर जगनशी बोलले नाहीत. चहा मात्र त्याच्याकडेच प्यायले, खुणेनं मागून.

परदेशी नावं आप्पांच्या जिभेवर बसत नसत. म्हणून उमेदवार असायचे टकल्या, च्युइंगमवाला आणि कोटवाला. कोण किती मॅची जिंकला, हे कुणी काढलं की आप्पा उखडायचे. "गोल पोरं मारतात रे भो! कोच म्हंजे जॉबर. चालत्या मागाला त्याचं काय काम? बंद पडला त्याच्याकडं बघायचं." त्यांची कसोटी एकच. बाहेर काढलेल्या खेळाडूकडे कोच बघतो की नाही? टकल्या पाठीवर थाप मारायचा, म्हणून लाडका. कोटवाला ढुंकूनही बघत नसे. तो पडद्यावर दिसला की आप्पा गावच्या बोलीत ओरडायचे, "हाऊ कोच शे का कोट टांगानी खुटी?"

बक्षीस नारळ. विजेता सातासमुद्रापार, म्हणून त्याच्या वतीनं पंचांपैकी एकानं स्वीकारायचा. टकल्याच्या वतीनं मी दोनदा आभार मानलेत. एकदा तर गहिवरून.

मग आप्पांनी गल्लीतल्या पोरांची टीम काढली आणि भेस्तानला मॅच ठेवली. माझ्या सुनीलला त्यांनी पूर्ण मॅच बाहेर बसवलं, असं मला शेडमध्ये कळलं. बोलणं माझ्या स्वभावात नाही, धरून ठेवणं आहे.

त्या दिवाळीनंतर पंचमंडळ भरलं. जगन उठून म्हणाला, "औंदा परदेशी माल नको. आपला आप्पाच!"

आप्पा लाजले. टोपी काढली, परत घातली. "चल, काहीतरीच," म्हणाले, पण डोळे आमच्या हातांवर. दोन हात वर झाले. दोघांनी गंमत म्हणून कोटवाल्याला मत दिलं. राहिलो मी. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी कान खाजवला.

"बरोबरी!" आप्पा हसून म्हणाले. "अध्यक्षाचं मत कोटवाल्याला." आणि नारळ माझ्याच हातात दिला.

घरी बायकोनं त्याची चटणी केली. भाकरीबरोबर खाताना सुनील म्हणाला, "बाबा, भेस्तानला माझा पाय मुरगळला होता. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही. आप्पा सगळी मॅच माझ्याजवळच उभे होते, खांद्यावर हात ठेवून. मॅच राहिली तिकडंच. म्हणे, बाहेर बसल्यावर लई एकटं वाटतं, मला म्हाईत आहे."

पुढच्या दिवाळीआधी आप्पांचे गुडघे गेले आणि ते कायमचे गावी गेले.

शेडमध्ये मी किती वेळा हात वर केला असेल, आणि प्रत्येक वेळी ते आले. त्यांच्यासाठी मला एकदाच वर करायचा होता. तो हात मी आप्पांना अजून देणं लागतो.