कोणत्याही दोघांचं कुलूप

ऋचाच्या केसांत शांपूचा फेस होता आणि नळ फुस्स करून गप्प झाला. अकरा वाजता तिची ऑनलाइन तोंडी परीक्षा. एम.एस्सी. गणित, विषय क्रिप्टोग्राफी, म्हणजे गुपितं राखायचं गणित. आणि प्रोजेक्टची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला परीक्षकांनी "याचा प्रत्यक्ष उपयोग काय?" एवढंच विचारलं होतं आणि ती नुसती बघत बसली होती. आता पुन्हा बघत बसली तर पदवी हातची गेलीच म्हणायची.

म्हणूनच तर बिचारीने प्रत्यक्ष उपयोग शोधला होता. सामरवरणीच्या त्यांच्या सोसायटीत पंपाच्या खोलीवरून रोज भांडणं. किल्ली ज्याच्याकडे त्याच्या विंगची टाकी आधी भरते, असा सगळ्यांचा संशय होता, आणि तो खराही होता. ऋचाने तीन आकडी नंबरचं कुलूप आणलं आणि गुपित तिघांत वाटून टाकलं: ए विंगचे अनंतकाका, बी विंगमधले तिचे बाबा श्रीधर आणि सी विंगच्या पुतळाबाई. प्रत्येकाला एक आकडा, म्हणजे आलेखावरचा एक ठिपका. कोणतेही दोघे आले आणि त्यांचे ठिपके रेघेने जोडले, की रेघ कडेच्या उभ्या अक्षाला जिथे मिळेल तो कुलपाचा नंबर. एकट्याला जन्मात कळणार नाही. आपापला आकडा पाठ करून चिठ्ठी फाडायची. वाटणाऱ्याने मूळ नंबर विसरून जायचा हाही शास्त्राचाच नियम. परीक्षेच्या दिवसांत विसरणं ऋचाला फारसं जड गेलं नाही.

कुलूप लागलं काल संध्याकाळी. उघडायची ही पहिलीच वेळ.

डोक्याला टॉवेल गुंडाळून ती खाली गेली. बाबा आणि अनंतकाका आलेखाचा कागद भिंतीला लावून उभे होते.

"नंबर येतोय दोनशे शहाऐंशी," बाबा म्हणाले. "उघडत मात्र नाही."

ऋचाने रेघ पुन्हा काढली. दोनशे शहाऐंशीच. "पुतळाबाईंना बोलवा ना."

"त्या गेल्या दुधनीला, बहिणीकडे. फोन लागत नाही."

"काका, तुमचा आकडा चारशे चौदाच होता ना?"

अनंतकाका जळगावकडचे, सूत कारखान्यात सुपरवायझर. माणूस सरळ, खोटं बोलायचा नाही. "व्हता तेरा. पन ताई, चार, एक अन् तीन, बेरीज आली आठ. आठ म्हनजे शनी. आधीच माझी साडेसाती चालू. म्हनून एक वाढवून पाठ केला. एकाने काय फरक पडतो?"

फरक काय पडतो हे समजायला ऋचाला दोन वर्षं आणि चार पेपर लागले होते. तिने तेरा धरून रेघ काढली. दोनशे सत्त्याऐंशी. कुलूप ढिम्म.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा वरच्या टाकीकडे बघायला लागले.

"बाबा, तुमचा बरोबर साडेतीनशे?"

"हो. म्हणजे, राउंड फिगर."

"कशाची?"

"तीनशे अठ्ठेचाळीस असेल. नाहीतर एक्कावन्न. अगं, कंपनीत आम्ही टनांचा हिशोबसुद्धा असाच करतो."

ऋचा पायरीवर टेकली. तिला रडायचं होतं, पण त्यालाही अंगात जोर लागतो. चोरापासून गुपित कसं राखायचं ते ती शिकली होती. मालकापासून कसं राखायचं ते अभ्यासक्रमात नव्हतं. अकराला दहा कमी होते. "आसपासचे आकडे एकेक लावून बघा," एवढं सांगून ती वर गेली. पण कुलूप फिरवायचं कुणी? अनंतकाका बाबांना हात लावू देईनात आणि बाबा अनंतकाकांना.

परीक्षक स्क्रीनवर आले. टॉवेलकडे एकदा पाहून त्यांनी चष्मा पुसला. "ही पद्धत प्रत्यक्षात कुठे वापरली आहे का?"

"हो सर. आमच्या पंपाच्या खोलीला."

"छान. पण एक सांगा. पहिल्यांदा कुलूप उघडलं, की त्या दोघांनाही नंबर कळला. मग दुसऱ्या दिवसापासून दोघांची गरजच काय?"

हे ऋचाच्या ध्यानातच आलं नव्हतं. फेस वाळून डोकं खाजत होतं आणि थाप मारायचंही त्राण उरलं नव्हतं.

"सर, त्याचा अनुभव नाही. अजून ते पहिल्यांदासुद्धा उघडलेलं नाही."

मग तिने सगळं सांगून टाकलं. शनी, साडेसाती, राउंड फिगर, दुधनी. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई, पद्मजाबाई, ओरडल्या, "अहो, वरवंटा कुठे घेऊन चाललात?" थोड्या वेळाने खालून ठण ठण आवाज आले आणि न्हाणीघरातला नळ खोकत खोकत वाहू लागला.

परीक्षक बराच वेळ काही लिहीत होते. "बरेच जण उपयोग नुसता कागदावर दाखवतात," ते म्हणाले. "तुम्ही लावून पाहिलंत आणि कुठे फसलं तेही लपवलं नाहीत. पास आहात."

ऋचा नुसती मान हलवून लॅपटॉप मिटायला गेली, तर परीक्षक कॅमेऱ्याजवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "एक खाजगी विचारू? आमच्याकडे गच्चीच्या किल्लीवरून फार कटकटी आहेत हो. ही योजना आमच्या सोसायटीला चालेल का?"

"चालेल सर," ऋचा दमलेल्या आवाजात म्हणाली. "घरी वरवंटा आहे ना?"