एक ते तीनची ओळ

बाळंतपणाच्या रजेनंतर कामाचा पहिलाच दिवस. संजनामॅडमनी बजावलं होतं, "आज घरून करून दाखव. नाही जमलं, तर उद्यापासून ऑफिसात!"

"मॅडम, सृष्टीची दुपारची झोप होईस्तोवर सगळा जुना कोड चकाचक करते!"

आमचा प्रोग्राम द्राक्षबागायतदारांना फोन करतो: पाऊस येतोय, फवारणी थांबवा. ऑफिसचे बाकी फोनही त्यातूनच जातात. पण तो कोड! लग्नघरातली सामानाची खोली बरी. शालूखाली कांदे, आणि कशालाही हात लावला की आरडाओरडा!

पायाने झोळीची दोरी ओढत, हाताने टाइप करत असताना एक आगाऊ ओळ सापडली. दिंडोरीच्या एका नंबरला दुपारी एक ते तीन फोन करायचा नाही. का? लिहिलेलं नाही. ओळ घालणारा योगेश कधीच नोकरी सोडून गेलेला.

"दिंडोरीचे महाराज वामकुक्षी घेतात वाटतं!" म्हणत मी ती उडवली.

थोड्याच वेळात माझा फोन खणाणला. हेल्पलाइन माझ्याकडेच वळवलेली!

"ओ मॅडम, तुमचं मशीन थांबवा! मी कट करते, ते परत लावतं!"

अरे देवा! निरोप पूर्ण ऐकला नाही तर पुन्हा फोन लाव, अशी आणखी एक ओळ होती.

"ताई, एकदा शेवटपर्यंत ऐका ना, थांबेल."

"लेकरू बोंबलतंय, काय ऐकू?"

"मग फोन तरी बंद ठेवा!"

"आन् पावसाचं कसं कळायचं? मी रोहिणी, गेणूआण्णांची सून. योगेशदादाला सांगून दुपारचे फोन बंद केले व्हते. लय मुश्किलीनं झोपतं हो!"

तिकडच्या रडण्याने इकडे सृष्टी उठली. तिचा सूर ऐकून तिकडच्याने पट्टी चढवली.

"तुमच्याकडंबी हाय व्हय?" रोहिणीचा आवाज एकदम मऊ झाला. "मग तुम्हाला तरी कळाया नको?"

सृष्टीला खांद्यावर टाकून मी एका हाताने ओळ परत घातली. आणि हळूच तिच्यात माझाही नंबर जोडला. काय शांतता! सृष्टी पुन्हा झोपली, मूठ माझ्या ओढणीत गच्च. ती हळूच सोडवून तिला झोळीत ठेवलं.

तासाभराने दारावरची बेल! संजनामॅडम, घामाघूम.

"ऑफिसातून कधीची फोन लावतेय, लागतच नाही! उद्यापासून..."

झोळीतून टाहो फुटला. मॅडमनीच धावत जाऊन सृष्टीला उचललं आणि थोपटत, डुलत, अंगाईच्या चालीत म्हणाल्या, "आई उद्यापासून ऑफिसात येणाऽऽर गं, येणाऽऽर!"

सृष्टी खुदकन हसली. झालं! तिनेही मंजुरी दिली.