दशरथभाऊची चार भोकं

आमच्या आसगावात दशरथभाऊला "कसं काय?" असं विचारायची सोय नाही. विचारलं की तो सदरा वर करतो. मग लग्नाचा मांडव असो, नाहीतर मासळीचा बाजार. "मोजून घे," म्हणतो. पोटावर तीन बारीक खुणा आणि एक बोटभर लांब. दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या. "या बोटभर फटीतून माहं आतडं काढलं, वीतभर! कॅन्सरची गाठ होती त्यात!"

लोकांना पटत नाही. आमच्याकडे मोठं ऑपरेशन म्हणजे पोटावर हातभर टाके हवेत. त्याला भेटायला आलेले पाहुणे तर खुणा बघून चक्क हिरमुसले होते. "डाक्टरनं फसवलं तुले," असंही एकजण म्हणाला. दशरथभाऊ तलावात मासे धरणारा गडी. भडकला. "जाळं एका जागी फाटलं तं सारं जाळं उसवते काय बे?"

मीही त्याची भरपूर टिंगल केली आहे. मग माझ्याच आईच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली, आणि आई म्हणाली, "मरीन, पन पोट फाडू देत नाही." तीन दिवस समजावलं. ऐकेचना. शेवटी झक मारून दशरथभाऊला बोलावलं.

आल्या आल्या सदरा वर. "वयनी, मोजा." एरवी त्याला निर्लज्ज म्हणणारी आई चष्मा लावून वाकली. "माही शांता भेली," तो म्हणाला. "पोट चिरतीन म्हनून दवाखान्यात गेलीच नाही. तुमी तसं नोका करू." शांता ही त्याची बायको. त्याच्या ऑपरेशनच्या आधीच, याच दुखण्यानं गेली. गावाला तेवढंच माहीत होतं.

आई तयार झाली. नागपूरला ऑपरेशन झालं, दुर्बिणीतूनच. ती घरी आली त्या दिवशी मी पेढे घेऊन दशरथभाऊकडे गेलो. वाटलं, आता हा गावभर सांगत सुटणार. पण तो पेढा हातात धरून नुसता बसून राहिला.

"वयनीनं शुद्धीवर आल्यावर काय मांगतलं?"

"चहा."

"शांताबी चाच मांगे. शेवटी शेवटी पोटात टिके नाही, तरी मांगे."

मी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला.

"बाबू, शांता भेली नोहती," तो म्हणाला. "डाक्टर तिलेबी दुर्बिणीचंच सांगत होता. लुगडं बदलून, पिशवी भरून बसली होती ती. मीच तिले नेलं नाही. भेलो तो मी."