हँडल माझ्याच हातात होतं

आमच्या लाइनीवर विजेवर धावणारी पहिली गाडी आली, तिचा पुढचा कोच मी उभा जन्म चालवला. आता म्हणे तिच्या मोटारी काढणार, साधा प्रवासी कोच करणार आणि इंजिनाच्या गळ्यात बांधणार! मी बायकोला बजावलं, "मी आत बसलेला असताना म्हातारीला कोण हात लावतो तेच बघतो. तू जेवण घेऊन फलाटावर ये. तुझ्यासमोर चालवत आणतो."

मेव्हण्याच्या लग्नापायी आठवडाभर कामावर नव्हतो. सकाळी तडक यार्डात गेलो, केबिनमध्ये शिरलो आणि आतून कडी घातली. गाडी चालवायचं सुटं हँडल खिशात होतंच. मोटरमन ते बायकोच्या हातीसुद्धा देत नाही.

फोरमननं दार वाजवलं.

"काका, उतरा. हिला वर्कशॉपला न्यायचंय."

"हिंमत असेल तर नेऊन दाखव."

"अहो, पण ऐकून तरी घ्या, हिच्या..."

"एक अक्षर ऐकणार नाही!"

"मग बसा," असं म्हणून तो निघून गेला.

शेपूट घातलं गड्यानं! मी हँडल बसवलं, एक खाच सरकवलं. जरा वेळानं धक्का बसला आणि म्हातारी चक्क निघाली. मोटारींचा आवाज नव्हता, दिवा लागला नव्हता. म्हटलं, वयोमानानं आवाज बसला असेल. मला तर भरून आलं.

फलाटावर बायको उभी होती. शेजारी मेव्हणाही होता. मी ऐटीत हात हलवला आणि ब्रेक लावला. म्हातारीनं ओळखसुद्धा दाखवली नाही. पुन्हा लावला, दोन्ही हातांनी लावला. बायको पिशवी घेऊन धावत होती आणि मी खिडकीतून ओरडत होतो, "थांब, थांबवतो!"

गाडी थांबली ती थेट वर्कशॉपच्या शेडमध्ये. मी डोकं बाहेर काढून मागे पाहिलं. कोचला इंजिन जोडलेलं होतं आणि त्यातून फोरमन उतरत होता.

"काका, तेच सांगत होतो. मोटारी आणि ब्रेक गेल्या आठवड्यातच काढले."

मी हँडल काढून खिशात घातलं. ते मागायची कुणाची छाती झाली नाही.

घरी बायकोनं गार झालेलं जेवण वाढलं. मेव्हणा हसू दाबत म्हणाला, "भावजी, ते इंजिन तुम्हाला मागून ढकलत होतं ना?"

"ढकलत कसलं?" मी म्हणालो. "बंद पडलं होतं बिचारं. मी ओढत नेलं."